मळा, मोट आणि मंडई : पुणे परिसरातील माळव्याच्या शेतीचा इतिहास

देशावरच्या कोरडवाहू मुलखात विहिरीच्या पाण्यावर भिजणारा जमिनीचा तुकडा म्हणजे मळा. ज्वारी-बाजरीचे रान पावसाच्या हवाली असे. मळ्यात मात्र वर्षभर काही ना काही उभे असे. मळा सहसा एक-दोन एकरांचाच राही. जमीन कितीही असली तरी विहिरीतून दिवसभरात निघणारे पाणी जेवढ्याला पुरेल, तेवढीच बागाईत. ऊस, हळद, मिरची यांच्या जोडीने या तुकड्यात भाजीपाला निघे. देशावर त्याला माळवे म्हणतात. पुण्याभोवतालच्या हवेली, पुरंदर, खेड, जुन्नर या भागांत माळव्याची शेती फार जुनी आहे. पाणी कोठून येते आणि माल कोठे विकला जातो, या दोन गोष्टी जेव्हा जेव्हा बदलल्या तेव्हा तेव्हा ही शेती बदलली.

कुणबी घरेही चार वाफे भाजी करीत, पण हा व्यवसाय मुख्यतः माळी समाजाचा. फुलमाळी, जिरेमाळी, हळदेमाळी ही पोटविभागांची नावे त्यांच्या पिकांची आठवण देतात. तेराव्या शतकातले संत सावता माळी सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे. त्यांनी आपला मळाच विठ्ठलाची जागा मानला, आणि त्यामुळे भाजीच्या वाफ्यांना मराठी भक्तिपरंपरेत कायमचे स्थान मिळाले.

मळ्याचा जीव मोटेत होता. मोट म्हणजे कमावलेल्या कातड्याची मोठी पखाल, तिला खालच्या बाजूला सोंड. जाड नाडा मोठ्या चाकावरून जाई, बारीक सोंदूर खालच्या लाटेवरून सोंडेच्या तोंडाला बांधलेला असे. बैल धावेच्या उतारावरून खाली चालू लागले की मोट वर येई. सोंदुराने सोंड ओढली जाई आणि पाणी थारोळ्यात कोसळे. तिथून ते पाटाने वाफ्यांकडे जाई. बैलांना ओढ हलकी व्हावी म्हणून मोटकरी उताराला नाड्यावर बसून आपले वजन देई आणि परतीला त्यांना मागे सारत धाव चढवी. पहाटे अंधारात सुरू झालेली मोट ऊन तापेपर्यंत चाले. मोटेवरच्या गाण्यांचा मोठा साठा मराठीत आहे, तो या कंटाळवाण्या आणि अंगमोड्या कामातूनच जमला. वाफ्यांच्या टोकाला दारे धरणारी बहुधा घरातली बाई किंवा पोर असे. एक वाफा भरला की मातीचे दार बंद करून दुसरे उघडायचे. त्यात उशीर झाला तर बांध फुटे, घाई झाली तर रोपे तहानेली राहत.

एका मोटेमागे सारे गाव गुंतलेले होते. कातडे कमावणे ढोरांचे, मोट शिवणे चांभाराचे, नाडा वळणे मांगाचे, चाक आणि वडवान सुताराचे. त्यांचे बलुते धान्यात ठरलेले असे, पण मळेवाल्याकडून ओंजळभर मिरच्या किंवा वांग्याची पाटीही जाई. खतासाठी धनगरांच्या मेंढ्या रात्री रानात बसवून घेत आणि त्याबद्दल धान्य देत. जागा वाया घालवणे मळ्याला परवडत नसे. पाटाच्या वळणावर, जिथे पाणी झिरपे तिथे अळू. बांधावर शेवगा आणि एरंड. विहिरीच्या कडेला केळीची दोन खुंटे. मिरचीच्या सऱ्यांमध्ये कोथिंबीर. मेथी-कोथिंबीर एकदम सगळी पेरली तर एकदम सगळी काढावी लागते, म्हणून आठवड्याच्या अंतराने एकेक वाफा टाकायचा. दर बाजाराला थोडा माल हाती येण्याची ही साधी युक्ती आजही छोट्या शेतांत चालते.

मृगाच्या पावसावर भेंडी, गवार, काकडी आणि वेलवर्गी भाज्या लागत. श्रावण-भाद्रपदात मांडवावर दोडका, पडवळ, कारली, घोसाळी लटकू लागत. पाऊस ओसरला की हस्ताच्या सुमारास हिवाळी माळव्याची तयारी सुरू होई : मेथी, शेपू, चाकवत, मुळा, गाजर, पावटा, घेवडा, वांगी. मार्गशीर्ष-पौषात मळा भरास येई आणि नेमके तेव्हाच भाव कोसळत, कारण सगळ्यांचाच माल एकाच वेळी निघे. होळीनंतर विहिरी तळ गाठू लागत. उरलेल्या पाण्यावर गवार, चुका, थोडी काकडी, आणि नदीच्या वाळूत कलिंगडाचे वेल. भाव असे तेव्हा पाणी नसे आणि पाणी असे तेव्हा भाव नसे, ही मळेवाल्याची कायमची अडचण.

ऋतूंइतकाच पक्का धाक सणवारांचा होता. काय पिकते यावर जेवण ठरे हे खरे. पण काय खायचे आणि काय नाही हे पंचांगाने ठरवलेले असल्यामुळे विक्रीचाही हिशेब पंचांगानेच होई. आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, कांद्यावर शेवटचा हात मारला जाई. चातुर्मास पाळणाऱ्या घरांत पुढचे चार महिने कांदा, लसूण आणि वांगे बंद. श्रावणात मांसाहार थांबला की भाजीचा उठाव वाढे. गौरीच्या जेवणात बऱ्याच घरी शेपूची भाजी लागे. पितृपक्षात गवार, भोपळा, कारले, अळू हे पानात हवेच, म्हणून त्या पंधरवड्यात गवारीचे भाव चढत. ते आजही चढतात. मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचे भरीत आणि रोडगा दाखवला जाई आणि वांगे पुन्हा सर्रास पानात येई. जेजुरी पुरंदरातच असल्याने पुणे परिसरात या दिवसाला विशेष महत्त्व. भोगीला पावटा, घेवडा, गाजर, हरभरा, वांगे एकत्र शिजवत. भर हिवाळ्यातल्या मळ्यात जे जे उभे असते तेच या भाजीत येते, हे पाहिले की या सणाचे मूळ शेतात आहे याबद्दल शंका उरत नाही.

या सगळ्यात ऋषिपंचमीचा दिवस वेगळा. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही असा नेम. नांगराखालच्या रानातले धान्य गेले, मोटेच्या पाण्यावरची भाजीही गेली. उरले ते परसात हाताने खणलेल्या मातीतले आणि कुंपणावर चढलेल्या वेलांचे : अळू, लाल माठ, भोपळा, दोडका, सुरण. मळेवाल्याच्या घरची बाई एरवी परसातला भाजीपाला घरापुरता ठेवी. या दिवसासाठी मात्र त्याची वेगळी पाटी बाजारात येई आणि तिला चांगले पैसे मिळत. वर्षभर बैलाच्या जिवावर जगणाऱ्या समाजाने एक दिवस त्याच्या श्रमाला हात न लावण्याचे ठरवावे, ही गोष्ट मोठ्या मनाची आहे.

गावाकडची विक्री पैशांची कमी आणि धान्याची जास्त होती. माळीण डोक्यावर पाटी घेऊन दारोदार जाई आणि भाजीच्या बदल्यात पसाभर ज्वारी-बाजरी घेई. सुगीत हा व्यवहार तेजीत चाले, कारण तेव्हा घरोघर धान्य असे. आठवड्याच्या बाजारात मात्र नाणे लागे. पालेभाजी जुडीवर, वांगी-काकडी वाट्यावर, मिरची मापावर. विक्री बहुतांशी बायकांच्या हातात होती. पुरुष मोटेला जुंपलेला असताना बाजाराचा दिवस सांभाळायला दुसरे कोणी नव्हतेच. भाव कधी पाडायचा, उरलेला माल कोणाच्या गळ्यात घालायचा, उधारी कोणाला द्यायची हे निर्णय तिचे असत. शेतीच्या इतिहासात या जाणकारीची नोंद फार थोडी झाली आहे.

पुणे पेशव्यांची राजधानी झाल्यावर आसपासच्या मळ्यांना मोठे गिऱ्हाईक मिळाले. पुढे इंग्रजी अमलात शहराचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात उघड्यावर भरू लागला. पुणे नगरपालिकेने तो हलवून शुक्रवार पेठेत बंदिस्त मंडई बांधायचे ठरवले. मध्ये उंच अष्टकोनी मनोरा आणि त्याभोवती फाकलेल्या ओवऱ्या अशी ही इमारत 1886 मध्ये उघडली आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला मिळाले. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी या खर्चाला विरोध केला होता. तोच पैसा लोकांच्या शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. आज ती इमारत महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते.

फुल्यांना या व्यवहाराची माहिती ऐकीव नव्हती. ते स्वतः फुलमाळी, मांजरीला त्यांची शेती होती. 1883 मध्ये पुरे झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी शहरात गाडीभर माळवे आणणाऱ्या शेतकऱ्याची दशा मांडली आहे : वजनात मारणारे दलाल, नगरपालिकेची जकात आणि गाडीभाडे यांतच मालाची किंमत संपते आणि माणूस रिकाम्या हाताने घरी परततो. भाजी नाशवंत, ती परत नेता येत नाही, उद्यावर टाकता येत नाही. दलालाचे बळ या एका गोष्टीत होते. फुल्यांनी ही जागा अचूक हेरली. नंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत सुधारणेचे जेवढे कायदे झाले ते याच गाठीभोवती फिरत राहिले.

याच काळात पाण्याची बाजूही बदलली. खडकवासल्याचे धरण 1879 मध्ये पुरे झाले आणि मुठेचा उजवा कालवा हडपसर, मांजरी, लोणी या गावांवरून वाहू लागला. विहिरीच्या पाण्याने घातलेली मर्यादा या पट्ट्यात सैल झाली. ऊस वाढला, त्याबरोबर माळवेही. शहराच्या मैल्यापासून केलेले सोनखत सुरुवातीच्या तिटकाऱ्यानंतर शेतकरी विकत घेऊ लागले. शहराने खायचे आणि शहराच्याच खतावर पुढचे पीक उभे राहायचे, असे चक्र काही काळ चालले. खेड भागात बटाटा चांगला रुजला. कोबी, फ्लॉवर, नवलकोल आधी लष्कराच्या छावणीतल्या गोऱ्या गिऱ्हाइकांसाठी लावले गेले. पेठांतल्या स्वयंपाकघरांत ते बऱ्याच उशिरा शिरले. मांजरीचे गोल, काटेरी देठाचे वांगे मात्र इथलेच. पुढे ‘मांजरी गोटा’ या नावाने ते वाण सगळीकडे माहीत झाले. पुरंदरचा वाटाणा आणि फुरसुंगीचा कांदा यांनीही असेच नाव कमावले. सासवडच्या माळ्यांनी आपली बागाईतीची विद्या दूर नेली : नीरा, प्रवरा, गोदावरीच्या कालव्यांवर खंडाने जमिनी घेऊन ऊस केला आणि 1930 च्या दशकात अकलूजजवळ माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना उभारला. भाजीच्या वाफ्यांत पाणी धरायला शिकलेली माणसे महाराष्ट्रातल्या साखर धंद्याच्या पहिल्या फळीत होती.

बोरघाटातून 1863 मध्ये रेल्वे सुरू झाल्याने पुण्याचा माल मुंबईला जाऊ शकला, तरी पालेभाजीचा पल्ला फार वाढला नाही. ती बैलगाडीनेच येई. मध्यरात्रीनंतर गाडी जुंपायची, जुड्यांवर ओले पोते टाकायचे, आखाला कंदील टांगायचा आणि उजाडायच्या आत मंडई गाठायची. तिथे अडत्या माल लावून घेई. सौदा पुष्कळदा हत्ता पद्धतीने होई : रुमालाखाली दलाल आणि खरेदीदार एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवत; ज्याचा माल त्याला मात्र आकडा कळत नसे. 1939 चा मुंबई प्रांताचा बाजार कायदा आणि 1963 चा महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न खरेदी-विक्री कायदा यांनी उघड लिलाव, अधिकृत तोलाई आणि बाजार समित्या आणल्या. पुण्याचा ठोक व्यापार पुढे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला आणि मंडईत किरकोळ विक्री उरली. रुमाल गेला, पण एकाच आवारात माल आणण्याच्या सक्तीमुळे अडत्यावरचे अवलंबन टिकून राहिले. कायद्याने शेतकऱ्याला अर्धाच न्याय दिला.

मळ्यात तोवर इंजिन आले होते. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना 1946 ची. पुढच्या दोन-तीन दशकांत डिझेल इंजिन आणि मग विजेचा पंप यांनी मोट संपवली. 1972 च्या दुष्काळानंतर विहिरी आणखी खोल गेल्या, बोअर आले, नंतर ठिबक. पिवळ्या शिरांच्या केवडा रोगाला तोंड देणाऱ्या ‘परभणी क्रांती’ भेंडीसारख्या वाणांनी आणि संकरित टोमॅटोने मळ्याचे रूप पालटले. नारायणगावसारखी ठिकाणे एकट्या टोमॅटोसाठी ओळखली जाऊ लागली. फ्लॉवर उन्हाळ्यात आणि गवार हिवाळ्यात मिळू लागली. चाकवत, चुका, घोळ यांसारख्या भाज्यांचे वाफे आक्रसले, कारण दूरच्या बाजारात त्या तग धरत नाहीत. हे नुकसान पिकाइतकेच जिभेचेही आहे.

2016 मध्ये महाराष्ट्राने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला आणि अडतीचा भार शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर टाकला. त्याच सुमारास राज्याच्या पणन मंडळाने पुण्या-मुंबईत शेतकरी आठवडी बाजार भरवायला चालना दिली आणि त्यांना संत शिरोमणी सावता माळी यांचे नाव दिले. मोकळी मैदाने, गृहसंस्थांची आवारे अशा जागी ठरलेल्या वारी हे बाजार भरतात. माल थेट शेतातून येतो आणि भाव फलकावर लिहिलेला असतो. एक-दोन एकरांच्या शेतकऱ्याला यातली मुख्य अडचण वेळेची आहे. तोडणी, जुड्या बांधणे, वाहतूक आणि दिवसभराची विक्री एका घराला झेपत नाही. म्हणून अशा बाजारांत बहुधा शेतकरी गट उतरतात : गावातले काहीजण तोडणी सांभाळतात, एक टेम्पो सगळ्यांचा माल उचलतो आणि तराजूमागे त्यांच्यातलेच दोघे-तिघे आळीपाळीने उभे राहतात.