कोऱ्या नावांचं कूळ

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. नव्या गाड्यांना एमएच-३९ मिळालं. आधी नोंदलेल्या गाड्यांवर धुळ्याचं एमएच-१८ तसंच राहिलं. क्रमांकात ठिकाण गुंफलं की सीमा हलल्यावरही तो जुनाच पत्ता सांगत राहतो. २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभलीत रंजना सोनवणे यांना देशातला पहिला आधार क्रमांक मिळाला. त्याच्या रचनेत ही अडचणच ठेवलेली नव्हती. बारा अंकांत ना जिल्हा, ना जन्मसाल. शेवटचा अंक केवळ आधीचे अकरा तपासण्यापुरता. माणसाची माहिती नोंदीत, क्रमांक कोरा.

फेसबुकच्या पानामागे दिसणाऱ्या 'एक्स७८झेडयूएम५' अशा क्लासनावांचं कूळही याच विचाराचं.

होकोन ली यांनी १० ऑक्टोबर १९९४ रोजी वेबपानाची शैली ठरवणाऱ्या सीएसएसचा प्रस्ताव मांडला. पुढे कोणत्या घटकाला कोणती शैली हे सांगणाऱ्या क्लासला नावं पडली ती साधी, अर्थपूर्ण: मथळा, बटण, तळटीप. मात्र पानावरची सगळी नावं एकाच सामायिक यादीत. लिहिणारा एकटा असेतो हे निभलं. शेकडो जण एकाच संकेतस्थळावर लिहू लागले, तेव्हा एकाच्या 'बटणा'चा रंग दुसऱ्याच्या 'बटणा'वर चढू लागला. यांडेक्सने 'बेम' ही लांब नावांची शिस्त घालून दिली, पण ती पाळायची माणसांनीच. २०१४ मध्ये फेसबुकच्या क्रिस्टोफर शेदो यांनी एका भाषणात सीएसएसच्या अडचणी मांडल्या. त्यात पहिली हीच, सामायिक नावांची. पुढच्याच वर्षी आलेल्या 'सीएसएस मॉड्यूल्स'ने नाव ठेवण्याचं काम यंत्राकडे दिलं.

फेसबुकच्या जुन्या मुख्यपानावर दाबून लहान केलेली सीएसएससुद्धा ४०० केबीहून जास्त उतरत असे, आणि पान पहिल्यांदा दिसायला त्यातली जेमतेम १० टक्के लागे. २०२० च्या नव्या बांधणीत एका नियमाला एकच क्लास दिला गेला. तोच नियम कुठेही आला तरी नाव तेच. मुख्यपानाची सीएसएस ८० टक्क्यांनी घटली. ही नावं आधारसारखी यदृच्छेने काढलेली नसतात. नियमाच्या मजकुरावरूनच यंत्र ती घडवतं. 'एक्स७८झेडयूएम५' म्हणजे 'डिस्प्ले: फ्लेक्स' हा नियम, एवढंच.

त्यामुळे अशी न कळणारी नावं म्हणजे लपवाछपवी आहे, असं मला वाटत नाही. जाहिराती अडवणाऱ्यांची अशा नावांनी पंचाईत होते हे खरं. पण ब्राउझरच्या 'इन्स्पेक्ट'मध्ये प्रत्येक नियम उघडाच असतो. नवशिक्याने क्लासचं नाव वाचूच नये. तिथल्याच 'कम्प्युटेड' भागात लागू झालेली शैली पाहावी, आणि घटक कशाचा आहे हे त्यावरच्या 'रोल' व 'आरिया-लेबल' या खुणांवरून ओळखावं. अंधांच्या वाचकयंत्रासाठी लिहिलेली ही लेबलं माणसांच्या भाषेतच असतात.