समुद्राचा चातुर्मास

"चौमासात कुणी समुद्रावर जातं का?" सासूबाई म्हणाल्या. त्यांचं चुकत नव्हतं. आपल्याकडे साधू-साध्वी हे चार महिने विहार थांबवतात. पावसात वाटेवर उगवलेला जीव पायाखाली येऊ नये म्हणून. गृहस्थाला तसं बंधन नाही, पण मन कचरतंच. तरी मी निघाले. भाच्याची बदली अलिबागला झाली होती, घरात बाळ आलं होतं. शिवाय पन्नाशी उलटली तरी मी समुद्र पाहिला नव्हता. हरिशंकरपुरमच्या गच्चीवरून दिसतो तो ग्वाल्हेरचा किल्ला. समुद्र फक्त चित्रात.

जुलैचा महिना. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटी बंद, म्हणून पेण-वडखळच्या रस्त्याने गेलो. किनाऱ्यावरच्या खाण्याच्या टपऱ्यांवर ताडपत्री, घोडागाड्या गायब. "मावशी, ऑफ सीझनला आलात," भाचा म्हणाला. होड्या वाळूवर ओढून शाकारून ठेवलेल्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला सरकारी बंदी असते. वादळाचं भय तर असतंच, पण हा माशांच्या विणीचाही काळ. ऐकून मी चपापले. मी मासे खात नाही, पण जीव वाढायला वेळ द्यावा म्हणून थांबणं, हे मला ओळखीचं होतं.

समोर कुलाबा किल्ला. ओहोटीला एरवी चालत जाता येतं. त्या दिवशी लाटा तटावर फुटत होत्या. मी छत्री सावरत काठावरच उभी राहिले.

शिवाजी महाराजांनी १६८० साली या किल्ल्याचं काम सुरू केलं आणि पुढे तो कान्होजी आंग्र्यांचं ठाणं झाला. पण केवढाही दर्यासारंग असो, पावसाळ्यात गलबतं काठाला घ्यावीच लागत. लढाया पाऊस सरल्यावर. इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले तेही १७२१ च्या डिसेंबरात, आणि हात हलवत परतले. कान्होजी गेले ते मात्र १७२९ च्या पावसाळ्यात. त्यांची समाधी गावातच आहे. तिथे त्या दिवशी आम्ही दोघंच होतो.

आंग्रे हे नाव आम्हा लष्करवाल्यांना परकं नाही. शिंद्यांच्या दरबारातले सरदार म्हणून ते कानावर असतं. दौलतराव शिंद्यांचे मामा बाबूराव आंग्रे. त्यांनी शिंद्यांच्या बळावर कुलाबा घेतला होता. पुढे १८४० साली वारस नाही म्हणून इंग्रजांनी हे संस्थान खालसा केलं. ज्यांना तोफांनी जमलं नव्हतं, त्यांना कागदाने जमलं.

परतताना जाळं विणत बसलेल्या एका कोळीणबाईंना विचारलं, "सीझन नाही तर काय करता?" त्या हसल्या. "सीझन तुमचा, ताई. आमचा दर्या आराम करतोय. नारळी पौर्णिमेला नारळ दिला की बोलावेल."

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "पाहिलास समुद्र?"

"पाहिला. तोही चातुर्मासाला बसलाय."

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मीही नाही गं पाहिला कधी."

ब्याऐंशी वर्षांच्या आहेत त्या. इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं. कार्तिकी पौर्णिमा झाली, की त्यांना घेऊन जायचं ठरलंय.