वेदनाशामकांची देशोदेशीची नावे

वेदनाशामकांची नावे : एकाच वेदनाशामक द्रव्याला निरनिराळ्या देशांत असलेली नावे, आणि परिचारिकेने ती ओळखण्याची रीत. औषधाच्या पाकिटावर साधारणपणे दोन नावे असतात. कंपनीने दिलेले व्यापारी नाव देशागणिक बदलते. जेनेरिक नाव जगभर एकच असावे म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९५० मध्ये नामकरणाची पद्धत आखली आणि १९५३ मध्ये पहिली यादी प्रसिद्ध केली. तरीही काही औषधांची जेनेरिक नावेसुद्धा दुहेरी राहिली.

पॅरासिटामॉल हे त्याचे ठळक उदाहरण. अमेरिका, कॅनडा व जपानमध्ये त्याला अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात. क्रोसिन, कॅल्पॉल व डोलो ही त्याची भारतातील परिचित व्यापारी नावे. अमेरिकेत टायलेनॉल, ब्रिटन व आखाती देशांत पॅनाडॉल, बांगलादेशात नापा. आयब्युप्रोफेन भारतात ब्रूफेन, अमेरिकेत अ‍ॅडव्हिल किंवा मोट्रिन आणि ब्रिटनमध्ये न्यूरोफेन या नावाने मिळते. डायक्लोफेनॅक भारतात व्होव्हेरान, तर अनेक देशांत व्होल्टारेन. पेथिडीनला अमेरिकेत मेपेरिडीन म्हणतात. भारतातील अ‍ॅनाल्जिन म्हणजेच मेटामिझोल जर्मनी व ब्राझीलमध्ये वापरात आहे. पांढऱ्या पेशी घातक प्रमाणात घटण्याच्या धोक्यामुळे अमेरिकेने ते १९७७ मध्ये बाजारातून काढले.

नावे वेगळी दिसली की एकच द्रव्य दोनदा पोटात जाऊ शकते. मुलाने अमेरिकेहून आणलेले टायलेनॉल घेणाऱ्या रुग्णाला वॉर्डात डोलो ६५० दिली, तर दोन्हींची मात्रा एकत्र मोजावी लागते. प्रौढांसाठी पॅरासिटामॉलची दिवसाची कमाल मर्यादा सर्वसाधारणपणे ४ ग्रॅम मानतात. कृश, यकृतविकार असलेल्या किंवा नियमित मद्यपान करणाऱ्या रुग्णाला त्याहून कमी मात्रा देतात. मर्यादा ओलांडल्यास यकृत निकामी होऊ शकते. संयुक्त गोळ्यांत ही मात्रा लपून राहते : कॉम्बिफ्लाममध्ये ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल व ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन असते आणि अमेरिकेतील नायक्विल या सर्दीच्या औषधातही अ‍ॅसिटामिनोफेन असते.

मुलांच्या पातळ औषधात नावाइतकीच तीव्रता महत्त्वाची. अमेरिकी औषधात ५ मिलिलिटरमध्ये १६० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. भारतात ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा २५० मिलिग्रॅम असलेल्या बाटल्या मिळतात. त्यामुळे ‘एक चमचा’ हे माप पुरेसे नाही. वजनानुसार मिलिग्रॅममध्ये मात्रा ठरवून मगच मिलिलिटर काढावे लागतात.

कायदेही वेगळे आहेत. भारतात ट्रामाडॉल २०१८ पासून अमली पदार्थविषयक कायद्याखाली आहे. संयुक्त अरब अमिरातीत ट्रामाडॉल किंवा कोडीन नेण्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागते. भारतीय पाकिटावर जेनेरिक नाव व्यापारी नावापेक्षा मोठ्या अक्षरात छापण्याचा नियम २०१८ मध्ये झाला. परिचारिकेला त्याचा थेट उपयोग होतो.

पनवेल परिसरात या माहितीची गरज रोजची आहे. आखाती देशांत नोकरी करणारे आणि मुलांकडे परदेशी राहून आलेले आईवडील तेथील औषधे सोबत आणतात. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचे कर्करोग संशोधन केंद्र व रुग्णालय आहे. या संस्थेकडे भारताच्या सर्व भागांतून, तसेच बांगलादेश व नेपाळमधून रुग्ण येतात. कर्करोगाच्या वेदनेवर अनेक औषधे एकत्र चालू असतात, त्यामुळे आधीची औषधे नीट समजून घेणे अत्यावश्यक ठरते.

रुग्ण दाखल होताना परिचारिकेने ‘दुखण्यावर काय घेता?’ एवढेच न विचारता पाकीट किंवा बाटली प्रत्यक्ष मागावी. त्यावरील द्रव्य, मिलिग्रॅम व शेवटची गोळी घेतल्याची वेळ केस पेपरवर जेनेरिक नावाने लिहावी. नाव अनोळखी असल्यास औषधनिर्मात्याला किंवा डॉक्टरांना विचारून खात्री होईपर्यंत दुसरे वेदनाशामक देऊ नये. घरी सोडताना नातेवाइकांना हेच जेनेरिक नाव मराठीत लिहून द्यावे. देश बदलला तरी योग्य औषध ओळखण्याचा तो सर्वांत भरवशाचा आधार आहे.