शाळेच्या अनुदिनीला अनोळखी वाचक

तारखेनुसार लिहिलेल्या नोंदी, सर्वांत नवी नोंद सर्वांत वर आणि प्रत्येक नोंदीखाली वाचकांच्या अभिप्रायांना जागा, अशी वेबलॉग अर्थात अनुदिनीची साधी रचना असते. ‘वेबलॉग’ हा शब्द या अर्थाने १९९७ मध्ये जॉर्न बार्गर यांनी वापरला. ऑगस्ट १९९९ मध्ये ‘ब्लॉगर’ ही सेवा सुरू झाली. संगणकाची भाषा न शिकताही लिहिता येऊ लागल्याने शिक्षकांचे या माध्यमाकडे लक्ष गेले.

वहीतला निबंध शिक्षक तपासतात, तांबड्या शाईने खुणा करतात आणि त्याचा प्रवास तेथेच संपतो. अनुदिनीतील लेखनाला वर्गाबाहेरचा वाचक मिळतो. अमेरिकेत न्यू जर्सीतील हंटरडन सेंट्रल रीजनल हायस्कूलचे शिक्षक विल रिचर्डसन यांनी स्यू मंक किड यांची ‘द सीक्रेट लाइफ ऑफ बीज’ ही कादंबरी वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना तिच्यावर अनुदिनीत लिहायला लावले. त्यांच्या प्रश्नांना खुद्द लेखिकेनेच तेथे सविस्तर उत्तर दिले.

अनोळखी वाचक शाळेला अडचणीतही आणू शकतो. स्कॉटलंडमधील नऊ वर्षांच्या एका विद्यार्थिनीने एप्रिल २०१२ मध्ये वडिलांच्या मदतीने ‘नेव्हरसेकंड्स’ ही अनुदिनी सुरू केली. शाळेतील जेवणाचे छायाचित्र, त्याला दहापैकी गुण, घासांची संख्या आणि ताटात केस सापडलेच तर त्यांचीही मोजदाद, असा तिचा शिस्तशीर तक्ता असे. लवकरच इतर देशांतील मुलेही आपल्या ताटांची छायाचित्रे पाठवू लागली. वृत्तपत्रांनी विषय उचलताच स्वयंपाकघरातील कर्मचाऱ्यांना नोकरीची धास्ती वाटते, असे कारण देत आर्गाइल अँड ब्यूट कौन्सिलने जूनमध्ये छायाचित्रांवर बंदी घातली. कर्मचाऱ्यांची भीती अगदीच अनाठायी नव्हती. पण मुलीचा कॅमेरा बंद करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. सर्वत्र टीका झाल्यावर लगेचच बंदी उठली. या गदारोळात, शाळकरी मुलांना जेवण पुरवणाऱ्या ‘मेरीज मील्स’ या संस्थेसाठी अनुदिनीतून जमलेला निधी एक लाख पौंडांपलीकडे गेला.

शाळांसाठीची ‘एज्युब्लॉग्ज’ ही सेवा २००५ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झाली. तिच्यात नोंद व अभिप्राय प्रसिद्ध होण्यापूर्वी शिक्षकाला पाहता येतात आणि अनुदिनी केवळ वर्गापुरतीही ठेवता येते. लहान मुलांची आडनावे व छायाचित्रे टाळावीत, पालकांची संमती आधीच घ्यावी. नोंदी तपासायला शिक्षकाने आठवडा लावला, तर मुले लिहिणे सोडून देतात, हेही ध्यानात घ्यावे लागते.