अक्षर बदलण्याचा अधिकार

मित्रहो, तत्त्वज्ञानाचा मास्तर संगणकावर बोलतोय म्हणून हसू नका. प्रश्न आपल्या मातीतलाच आहे.

17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. दफ्तर उर्दूत, त्याआधीचे कागद मोडीत. माझ्या लहानपणी औसा तालुक्यातल्या आमच्या गावात लोक जमिनीचे कागद घेऊन वडिलांकडे यायचे, कारण ते उर्दू शाळेत शिकलेले. ते वाचून दाखवायचे, पण मराठी नक्कल मागितली की म्हणायचे, "ते माझं काम नव्हं बाबा. ज्याला अधिकार, त्याची सही." 2023 साली न्या. संदीप शिंदे समितीनं मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध घेतला, तेव्हा उर्दू-मोडी जाणणारे पुन्हा लागले. एक शब्द कसा वाचला जातो, यावर एखाद्या घराचा दाखला अडतो, बरं का!

संगणकात अक्षर म्हणजे आकडा. आपला 'क' भारतीय 'इस्की' संकेतात 179, युनिकोडमध्ये 2325. म्हणजे जुनी माहिती नव्या संकेतात न्यायची तर मध्ये दुभाषा हवाच. 'पोस्टग्रेस' ही जगभर वापरली जाणारी मुक्त डेटाबेस प्रणाली. तिच्यात 2002 च्या 7.3 आवृत्तीपासून असे दुभाषे, म्हणजे रूपांतराची फंक्शनं, नोंदवण्याची सोय आली. ती सर्व्हरनं स्वतः वापरायची होती. पण ती चालवण्याची परवानगी मात्र सरसकट सगळ्यांना राहून गेली. मुद्दाम चुकीच्या किमती दिल्या तर तग धरतील, अशी त्यांची रचनाच नव्हती. मजकूर किती लांब, हेही बोलावणाराच सांगणार!

मे 2005 मध्ये ही चूक जाहीर झाली, दुरुस्त आवृत्त्या निघाल्या. पण गंमत पाहा: नुसतं नवं सॉफ्टवेअर बसवून भागेना. जुनी परवानगी प्रत्येक डेटाबेसच्या आतल्या नोंदवहीत लिहिलेली होती. ती व्यवस्थापकाला एकेका ठिकाणी हातानं दुरुस्त करावी लागली. साचा म्हणून ठेवलेल्या डेटाबेसमध्येसुद्धा. नाहीतर पुढचा प्रत्येक नवा डेटाबेस तीच चूक घेऊन जन्मणार.

आज तिथं नवं रूपांतर नोंदवायचं तर दोन अधिकार लागतात: ते फंक्शन चालवण्याचा आणि त्या विभागात नवी वस्तू निर्माण करण्याचा.

लिपी बदलणारा हमाल आहे, असं आपण समजतो. तसं नाही. मूळ कागद वाचणारं कोणी उरलं नाही की त्याची नक्कल हाच पुरावा होतो. म्हणून वडिलांचा नकार मला तेव्हा आडमुठेपणा वाटला, आज वाटत नाही.