चुलीची मोडणी आणि मांडणी

महाराष्ट्रातील वाड्यांच्या दिंड्यांची, देवघरांची आणि माजघरांची वर्णने पुष्कळ झाली. परंतु चालते स्वयंपाकघर मोडून ते नव्याने उभारण्याचा जो प्रसंग प्रत्येक पिढीच्या वाट्याला येतो, आणि ज्यात घरातील लहानग्यांची भूक हीच सर्वांत कडक मुदत ठरते, त्याची दप्तरी नोंद ठेवण्याची आवश्यकता फारशी कोणास वाटली नाही. मातीच्या चुलीपासून कडाप्प्याच्या ओट्यापर्यंतचा हा प्रवास सोयींच्या वाढीचा तर खराच. पण या नूतनीकरणात मुलांना असलेले स्थान क्रमाक्रमाने कसे लोपले, हेही त्यात वाचावयास मिळते.

जुन्या घरात चूल घालणे हे गवंड्याचे काम नव्हते. तांबडी माती, शेण आणि भाताचे तूस एकत्र मळून घरातील जाणती स्त्री आपल्या हातांनी चूल घाली, तिच्या अंगास वरणाचे भांडे मंद आचेवर राहावे म्हणून वैल काढी, आणि उन्हात ती पुरती सुकली म्हणजे सारवून, हळदकुंकू वाहून तिच्यावर पहिले दूध उतू घालवी. जुनी चूल फुटून नवी वाळेपर्यंतचा काळ परसात तीन दगड मांडून निभावला जाई. तेवढ्यावर मऊ भात शिजे, दूध तापे, आणि तान्हे मूल तुळईच्या झोळीत झोके घेत असे. त्याहून थोरली मुले मळलेल्या मातीच्या उरल्यासुरल्या गोळ्यातून बोळकी आणि बोटभर चुली करीत, भातुकलीचा संसार थाटीत, आणि आपण खेळत आहो अशा समजुतीत घर कशाचे बनते याचे शिक्षण घेत. अर्थात हे सुवर्णयुग नव्हते. विस्तव जमिनीलगत असल्यामुळे रांगणाऱ्या मुलास भाजण्याचे भय अष्टौप्रहर असे, आणि फुंकणीने जाळ फुलविताना धुराचा ताप मायलेकरांना सारखाच भोगावा लागे.

शहरात हा सारा व्यवहार आक्रसला. 1920 साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे ज्या चाळी बांधल्या, त्यांतील 160 चौरस फुटांच्या खोलीत स्वयंपाकघर म्हणजे एक कोपरा. परसच नसल्यामुळे तीन दगडांची सोय संपली. तिची जागा कोळशाच्या शेगडीने आणि स्टोव्हने घेतली. 1892 साली स्वीडनमध्ये लिंडक्विस्टने काढलेला दाबाचा प्रायमस स्टोव्ह येथे इतका रुळला की पंप मारणे आणि पिन करणे ही चाळीतील दिनचर्येची अंगे झाली. स्टोव्ह उचलून कोठेही नेता येई, हा त्याचा मोठा गुण. खोलीस चुना मारावयाचा असला की तो गॅलरीत जाई, मुले शेजारच्या खोलीत जेवत, आणि दुसऱ्या दिवशी कारभार पूर्ववत चाले.

धूर हटविण्याचे प्रयत्नही याच सुमारास होत होते. वर्ध्याच्या मगनवाडीतून मगनचूल पुढे आली, हैदराबादचे डॉ. राजू यांनी 1953 साली बिनधुराच्या स्वयंपाकघरांवर पुस्तिका लिहिली. परंतु मध्यमवर्गीय घराचा नकाशा पालटला तो 1955 साली, बर्मा-शेल कंपनीने मुंबईत सिलिंडरचा गॅस आणला तेव्हा. सिलिंडर खाली आणि ज्योत वर, अशी मांडणी ओट्याविना साधेना. म्हणून बसून करावयाचा स्वयंपाक उभ्याने होऊ लागला, आणि विस्तव मुलांच्या हातापासून अडीच-पावणेतीन फूट वर गेला. एक जुना धोका यामुळे खचित कमी झाला. पण पाटावर आईच्या शेजारी बसून पोळी फुगताना पाहणारे मूल आता तिच्या निऱ्या धरून खालून विचारू लागले, की वर काय चालले आहे.

ओट्याचे खरे मोल मात्र तो मोडताना कळते. माती आज मोडून उद्या लिंपता येते. सिमेंटचा कारभार निराळा. छिन्नी-हातोड्याने जुनी लादी उखडावी, कोबा फोडावा, मोरीचा उतार नव्याने काढावा, आणि एवढे झाल्यावर नव्या बांधकामावर आठवडाभर तरी पाणी मारीत बसावे, कारण सिमेंट नुसते वाळून भागत नाही, ओल राहिली तरच ते बळकट होते. तोवर शेगडी दिवाणखान्यातील टेबलावर, भांडी न्हाणीघरात, डबे पलंगाखाली. दुधाच्या पातेल्यावर दोन झाकणे घालूनही साईवर धुळीची पुटे. गवंडी "उद्या येतो" म्हणून जातो, आणि मुलाच्या खिमटीची वेळ कोणासाठी थांबत नाही. ज्या वाळूच्या ढिगाचे त्यास सर्वाधिक आकर्षण, त्याच्याकडे जाण्याचीच त्यास मनाई असते, आणि चुना व सिमेंट कातडीस व डोळ्यांस अपाय करीत असल्यामुळे ती मनाई रास्तही असते.

मुंबईतील जुन्या इमल्यांच्या दुरुस्तीसाठी 1969 च्या कायद्यान्वये मंडळ नेमले गेले, तेव्हा याच अवस्थेस सरकारी रूप आले. दुरुस्तीपुरते म्हणून संक्रमण शिबिरात गेलेल्या कित्येक कुटुंबांचा तात्पुरता मुक्काम वर्षानुवर्षे लांबला, आणि त्यांच्या मुलांनी तात्पुरती चूल हीच कायमची म्हणून ओळखली.

मातीकडे परतावे असा याचा निष्कर्ष नव्हे. धूर आणि भाजणे यांची आठवण ज्यांस आहे, ते तसे म्हणणारही नाहीत. परंतु पूर्वीच्या गृहिणीने कुदळ उचलण्याआधी परसात तीन दगड मांडले, ही तजवीज तिच्या कामाचा पहिला भाग होता. आजच्या करारनाम्यात ग्रॅनाइटचा रंग, नळांची जात आणि खणांची रुंदी नमूद असते, मधल्या दिवसांत मुलाचे दूध कोठे तापणार याचे कलम मात्र नसते. ते कलम शेजारीण पाळते. स्वयंपाकघरांचा हा बदल घडला तो बहुतांशी तिच्या बिनमोबदल्याच्या विस्तवावर. म्हणून जेथे अर्धा ओटा चालू ठेवून उरलेला अर्धा फोडता येतो, तेथे दोन दिवस अधिक लागले तरी तसेच करणे शहाणपणाचे, आणि शेजाऱ्यावरील भार हलका करणारे होय.