दगडाची कसोटी आणि पिसाची कसोटी

इंदूरचा राजवाडा अठराव्या शतकात होळकरांनी उभारला, १८०१ मध्ये सर्जेराव घाटगे याच्या फौजेने तो जाळला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो पुन्हा बांधला गेला. या सात मजली वास्तूचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी असून तिच्या दर्शनी भागावर झरोके, कोरीव खांब आणि महिरपी यांची इतकी दाटी आहे की असा दर्शनी भाग म्हणजे कोणत्याही भिंगाची परीक्षाच ठरावी. छायाचित्रकार ज्याला शार्पनेस म्हणतात ती सुस्पष्टता म्हणजे लगतचे दोन तपशील एकमेकांत न मिसळता वेगळे दिसणे, आणि ती जोखण्याची सवय छायाचित्रकलेला प्रथम लागली ती अशा अचल वास्तूंसमोर. जिवंत, उडत्या, दूरच्या पक्ष्याचे छायाचित्र पारखतानाही हीच सवय चालवली जाते, आणि या क्षेत्रातील बहुतेक चुकीच्या निवाड्यांचे मूळ तिच्यात आहे.

हिंदुस्थानातील वास्तुचित्रणाचा एक महत्त्वाचा अध्याय इंदुरातच सुरू झाला. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात शिकलेले लाला दीनदयाळ इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला होते. १८७४ च्या सुमारास ते छायाचित्रणाकडे वळले आणि महाराज दुसरे तुकोजीराव होळकर व मध्य भारताचे एजंट सर हेन्री डेली यांनी त्यांना आश्रय दिला. पुढे डेली यांच्यानंतरचे एजंट सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर त्यांनी मध्य भारताचा दौरा केला आणि त्यातून १८८६ मध्ये या प्रदेशातील प्रसिद्ध स्मारकांचा सचित्र ग्रंथ निघाला. बांधकाम खात्यात आरेखनाचे काम केलेल्या माणसाची नजर या चित्रांत जाणवते, कारण तेथे रेषा ढळत नाही आणि खांबाचा पायथा व शिखराचा कळस सारख्याच निगुतीने उमटतात. यामागे साधनांचेही बळ होते. काचेची पट्टी मोठी असे आणि तिचा ठसा थेट कागदावर, म्हणजे न वाढवता, घेतला जाई. कॅमेरा तिपाईवर असल्याने उघडझापेला, म्हणजे पट्टीवर प्रकाश पडू देण्याला, कित्येक सेकंद लागले तरी दगड हलत नसे. हातात भिंग घेऊन ठसा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तपासण्याची रीत या परिस्थितीत योग्यच होती.

त्याच काळात पक्ष्यांच्या वाट्याला मात्र कॅमेरा जवळजवळ आलाच नव्हता. वेल्समधील जॉन डिल्विन ल्युएलिन याने १८५० च्या दशकात पाणथळीतील बगळ्याचे चित्र घेतले खरे, पण तो बगळा पेंढा भरलेला होता. रेखीव चित्र हवे तर पक्षी मेलेला हवा, अशी ती अवस्था होती. १८७० च्या दशकात जिलेटिनच्या कोरड्या पट्ट्या आल्यानंतर उघडझापेचा काळ सेकंदाच्या अंशांवर आला. १८९१ च्या सुमारास टॉमस डॅलमायर याने टेलिफोटो भिंग, म्हणजे नळीची लांबी फार न वाढवता दूरच्या वस्तूची मोठी प्रतिमा देणारी भिंगजोडी, बाजारात आणण्याजोगी केली. तरीही या भिंगांतून प्रकाश इतका कमी येई की उडत्या पक्ष्यासाठी त्यांचा उपयोग नव्हता. म्हणून इंग्लंडातील रिचर्ड आणि चेरी कीर्टन या बंधूंनी १८९० च्या दशकात जो मार्ग रूढ केला तो घरट्याचा: छायाचित्रकाराने लपणात बसायचे, भिंग आधीच घरट्यावर जुळवून ठेवायचे आणि पक्षी तेथे परतण्याची वाट पाहायची.

हिंदुस्थानातही हाच मार्ग चालला. आर. एस. पी. बेट्स यांचे पुस्तक १९३१ मध्ये आणि रेल्वेच्या नोकरीतील ई. एच. एन. लोथर यांचे १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि दोघांच्याही कामाचा कणा घरट्यावरील पक्षी हाच होता. सलीम अली यांचे स्नेही लोक वान थो यांनीही लपणातून घेतलेल्या चित्रांनी मोठे नाव मिळवले. ही माणसे पक्ष्यांवर मनापासून प्रेम करणारी होती, त्यांच्या टिपणांतून पक्ष्यांच्या वर्तनाची मोलाची माहितीही मिळाली, आणि त्यांच्या कष्टांचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. पण सुस्पष्टतेची मागणी छायाचित्रकाराला घरट्यापर्यंत घेऊन गेली हेही तितकेच खरे आहे, आणि तिची किंमत पक्ष्याला मोजावी लागते: आडोशाची फांदी बाजूला केली की पिल्ले उन्हात व शिकाऱ्यांच्या नजरेत येतात, आणि बुजलेले आईबाप घरटे सोडूनही जातात. आज अनेक स्पर्धांत घरट्यावरची चित्रे स्वीकारली जात नाहीत ती याच कारणाने. लांब पल्ल्याच्या भिंगाचे खरे ऐतिहासिक कार्य चित्र रेखीव करणे हे नसून माणसाला घरट्यापासून दूर ठेवणे हे आहे, आणि पारख करणाऱ्याने ते कधीही नजरेआड करू नये.

पस्तीस मिलिमीटरची फिल्म रूढ झाल्यावर कसोटी अंकांत मांडली जाऊ लागली. भिंगाने बिंदूची प्रतिमा नेमकी बिंदूएवढी न देता लहानशा वर्तुळाएवढी दिली, तरी ते वर्तुळ पुरेसे बारीक असेल तर डोळ्याला तो बिंदूच वाटतो. या सह्य वर्तुळाचा व्यास या फिल्मसाठी ०.०३ मिलिमीटर धरण्याचा संकेत पडला. मागचे गणित सरळ आहे. फिल्मची चौकट आठपट वाढवून आठ बाय बारा इंचांचा ठसा काढला तर हे वर्तुळ पाव मिलिमीटरचे होते, आणि हातभर अंतरावरून पाहणाऱ्याला तेवढे खटकत नाही. म्हणजे सुस्पष्टतेच्या व्याख्येत भिंगाइतकाच ठशाचा आकार आणि पाहणाऱ्याचे अंतरही सामावलेले होते. ४०० मिलिमीटरचे भिंग, एफ/५.६ चे छिद्र आणि दहा मीटरवरचा दयाळ असे उदाहरण घेतले, तर या मापाने सुमारे एकवीस सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो, आणि चोचीपासून शेपटीपर्यंतचा दयाळ त्यात जेमतेम मावतो.

अंकीय कॅमेऱ्याने हा संकेत मोडला, आणि तो मोडल्याचे फारसे कोणाच्या लक्षातही आले नाही. सुमारे साडेचार कोटी बिंदूंचे चित्र साध्या संगणकाच्या पडद्यावर बिंदूस बिंदू लावून पाहिले, तर संपूर्ण चित्राची रुंदी सात फुटांहून जास्त भरते, आणि परीक्षक ते हातभर अंतरावरून पाहत असतो. या नव्या तपासणीत सह्य वर्तुळ जवळपास ०.००५ मिलिमीटरवर येते आणि त्याच दयाळाच्या चित्रातला स्पष्ट पट्टा एकवीस सेंटिमीटरवरून साडेतीन सेंटिमीटरवर आक्रसतो. डोळा स्पष्ट, शेपूट अस्पष्ट हा दोष मग छायाचित्रकाराचा नसून भूमितीचा असतो. कॅमेराही तोच आणि पक्षीही तोच असताना केवळ पाहण्याची रीत बदलल्याने एक चांगले चित्र बाद ठरते, हा अन्यायच म्हटला पाहिजे.

गतीचा हिशोबही असाच तपासावा लागतो. पन्नास मीटरवरून सेकंदाला दहा मीटर वेगाने आडवा जाणारा पक्षी ४०० मिलिमीटरच्या भिंगात सेकंदाला ८० मिलिमीटर सरकणारी प्रतिमा देतो. कॅमेरा पक्ष्याबरोबर फिरवला नाही तर सेकंदाच्या सहस्रांशातही ती ०.०८ मिलिमीटर फरफटते, म्हणजे जुन्या संकेताच्याही अडीचपटीहून जास्त. कोडॅक्रोम ६४ सारख्या मंद फिल्मवर, स्वच्छ उन्हात आणि ५.६ च्या छिद्राला, उघडझाप सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या आसपासच मिळत असे. त्या काळातल्या उडत्या पक्ष्याच्या पंखांची टोके विरलेली दिसली तर तो अनाडीपणा नव्हे; रसायनशास्त्राने दिलेली मुभा तेवढीच होती.

म्हणून जाणता परीक्षक चित्र किती अस्पष्ट आहे यापेक्षा ते कशामुळे अस्पष्ट आहे हे आधी विचारतो. पार्श्वभूमीसह सगळे एकाच दिशेने ओढलेले दिसले तर हात हलला. केवळ पंख विरले आणि डोके रेखीव राहिले तर पक्षी हलला. पक्ष्यापुढचे किंवा मागचे गवत लख्ख आले तर फोकस चुकला. लव्हाळ्याच्या सरळ काड्या नागमोडी दिसल्या तर दोष हवेचा. माळव्याची काळी जमीन तापली की तिच्यावरचे हवेचे थर असमान तापतात आणि त्यांतून येणारा प्रकाश वाकत राहतो. अशा वेळी अधिक लांब भिंग लावल्याने पक्ष्याबरोबर हा थरकापही मोठा होतो, आणि उपाय उरतो तो सकाळी लवकर जाण्याचा किंवा अंतर कमी करण्याचा. पहिल्या तिन्ही दोषांवर कौशल्याने मात करता येते, चौथ्यावर येत नाही, आणि या चौघांना एकच गुण देणारी पारख ही पारखच नव्हे.

इंदूरपुरता पारखीचा हा प्रश्न आज कागदी राहिलेला नाही. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी शिल्पकार ब्रांकुशीची ‘अवकाशातील पक्षी’ ही शिल्पे संग्रही ठेवली होती, ज्यांत एकही पीस कोरलेले नाही आणि तरीही उड्डाण आहे. त्यांच्याच कारकिर्दीत, १९३९ मध्ये, शहराच्या पाण्यासाठी गंभीर नदीवर यशवंत सागर झाला. हा जलाशय आणि सिरपूर तलाव २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या यादीत आले. यशवंत सागराच्या परिसरातील सारसांची नोंद छायाचित्रांवरून करणाऱ्याला पाहायचे असते ते डोके लाल व उघडे आहे, म्हणजे पक्षी प्रौढ आहे, की बदामी पिसांनी झाकलेले आहे, म्हणजे तो पिल्लू आहे. आणि एवढे कळायला पापणीचा प्रत्येक कंगोरा दिसण्याची गरज नाही. हिवाळ्यात माळरानावर येणाऱ्या भोवत्यांच्या माद्या ओळखताना पंखाच्या टोकाशी बोटांसारखी सुटी दिसणारी पिसे मोजावी लागतात, कारण उत्तरेकडच्या हेन भोवत्याची ती पाच असतात आणि पांढुरक्या व माँटेग्यूच्या भोवत्यांची चार. दुपारच्या उकाड्यात घेतलेल्या, सर्वत्र किंचित मऊ पडलेल्या चित्रात ही बोटे मोजता आली तर ते चित्र नोंदीत ठेवले पाहिजे. आणि डोळ्यातली चमक लख्ख टिपणाऱ्या, पण पंखाची टोके चौकटीबाहेर गेलेल्या चित्रावरून त्या मादीची जात या खुणेने ठरवता येत नाही.